पहिल्या माशाचं पोट
"तीन फवारण्या मारल्या. यंदा पराटीवर औषधालेही किडा सापडत नाई पाय," कपाशीच्या बांधावर उभे राहून बाबा मला कौतुकानं म्हणाले, आणि गळ घेऊन शेताखालच्या नाल्यात उतरले.

ज्या दिवसांत जो किडा निघतो, त्या दिवसांत मासे तोच खातात. म्हणून पहिला मासा लागला की बाबा त्याचं पोट चिरून बघतात. आत जो किडा दिसेल, हुबेहूब तसाच कोंबड्याच्या पिसांनी गळावर बांधतात. तोवर बाकीचे मासे ढुंकूनही पाहत नाहीत.

त्या दिवशी मी डबीतला पिसांचा मुंगळा टाकला, मासा लागला. चतुर टाकला, लागला. शेवटी गंमत म्हणून गळाला माझ्या ओढणीचा नुसता लाल धागा बांधला, तर त्याच्यावर दोन-दोन मासे तुटून पडले.

"बाबा, आज तं हे कायलेही तोंड लावून राह्यले!"

बाबा हसले नाहीत. त्यांनी पहिल्या माशाचं पोट चिरलं. मग दुसऱ्याचं. मग एकेक करत सगळ्यांचं.

"काय खाल्लं हाय त्यायनं?" मी विचारलं.

"काईच नाई, संध्या. सारे उपाशी हायेत."

त्यांनी मान वर करून आपल्या हिरव्यागार पराटीकडे पाहिलं. मग गळ गुंडाळून ठेवला, शिदोरी सोडली आणि आमच्या दोघांची भाकर कुस्करून डोहात टाकत राहिले.