ओळखीचा चेहरा

लिफ्टमध्ये सेक्रेटरी ग्रंथपालांना श्रद्धांजली वाहत होते आणि ग्रंथपाल त्यांच्या शेजारीच उभे होते.

"कितवा?" फोनमधून मान वर न करता सेक्रेटरींनी विचारलं.

"तिसरा," ग्रंथपाल म्हणाले.

सेक्रेटरींनी बटण दाबलं आणि त्यांचे अंगठे पुन्हा कामाला लागले. ग्रंथपालांच्या खिशात फोन थरथरला. तिसरा मजला आला. बॅग उचलून ते बाहेर पडले. "येतो हं," म्हणाले, ते लिफ्टच्या दारानेच काय ते ऐकलं.

घरात येऊन त्यांनी चष्मा पुसला आणि फोन उघडला. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचाच फोटो होता. भोवती फुलांची चौकट, कोपऱ्यात मेणबत्ती. खाली सेक्रेटरींचे ताजे शब्द: 'त्यांचा चेहरा अजूनही डोळ्यांसमोरून हलत नाही.'

गेला होता तो ग्रंथपालांचा थोरला भाऊ, दुसऱ्या गावी. त्याला पोचवून परतताना बसमध्ये त्यांनी ग्रुपवर निरोप लिहिला होता. जन्म पुस्तकांत गेलेला माणूस. दोन ओळींत दुःख मांडणं काही जमेना. चांगला पानभर मजकूर झाला. दादाने मांडीवर घेऊन अक्षरं कशी गिरवून घेतली, तेही त्यात आलं. सोबत दोघा भावांचा फोटो जोडला. शेवटी भीतभीत एक वाक्य: 'संध्याकाळी घरी पोहोचतो आहे. कुणी आलात तर बरं वाटेल.' हे वाक्य त्यांनी खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं आणि डोळे मिटून पाठवून दिलं.

सेक्रेटरींनी 'कळविण्यास दुःख होते' एवढंच वाचलं. पुढचं वाचायला ते काय रिकामटेकडे होते? फोटोत दोन म्हातारे होते. त्यातला ओळखीचा त्यांनी कापून घेतला. कोणा नातेवाइकाने यांच्याच फोनवरून कळवलं असेल, एवढा तर्क मात्र त्यांनी स्वतःच्या बुद्धीने केला.

मग काय, जोडलेल्या हातांची रांगच लागली. 'कालच जिन्यात भेटले, किती हसून बोलले,' असं पहिल्या मजल्याने लिहिलं. ग्रंथपाल आठवडाभर गावाला होते. चौथ्या मजल्याने घाईघाईत वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या आणि तितक्याच घाईने पुसल्या. मग एकाने हळूच विचारलं, त्यांची स्कूटर लावायची जागा आता कोणाला? एवढा जिव्हाळा त्या ग्रुपवर आधी कधी दिसला नव्हता.

'मी जिवंत आहे,' ग्रंथपालांनी लिहिलं. मग खोडलं. चारचौघांत उगाच बढाई मारल्यासारखं वाटलं ते.

त्यांना हवं होतं ते फार नव्हतं. कोणीतरी घटकाभर येऊन बसावं. त्यांनी दार उघडं ठेवलं, दिवा लावला, दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या आणि त्यातल्या एकीत बसून राहिले.

'भेटून यायला हवं,' ग्रुपवर कोणीतरी म्हणालं. लगेच उत्तर आलं, 'भेटणार कोणाला? एकटेच तर होते.' त्याला भराभर अंगठे मिळाले. सगळ्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

उघड्या दारावरून समोरचे बिऱ्हाडकरू गेले. जाता जाता बोटाने त्यांनी एक फूल वाहिलं. ते ग्रंथपालांच्या मांडीवरच्या फोनवर येऊन पडलं.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. आली ती खालच्या मजल्यावरची शिवणवाली. तिला पाहताच ग्रंथपाल खुर्चीत अंग चोरून बसले. ही बाई ग्रुपवर नव्हती. तिचं तोंड फार फाटकं, चार माणसांत कसं वागावं ते तिला कळत नाही, तेव्हा तिला काढावं, असं अत्यंत शुद्ध भाषेत ग्रंथपालांनीच सुचवलं होतं.

"अहो पुस्तकवाले," ती उंबऱ्यातूनच सुरू झाली, "तुमच्या मोरीचं पाणी माझ्या मशीनवर गळतंय. गिऱ्हाइकाचा नवा झगा भिजवलात. नळ बंद करून गावाला जावं, हे कुठल्या पुस्तकात नाही का लिहिलेलं? रोज येऊन दार ठोठावतेय मी, आणि तुम्ही इथं खुशाल..."

ती थांबली. तिने न उघडलेल्या बॅगेकडे पाहिलं. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, सुईत दोरा ओवताना पाहावं तसं, डोळे बारीक करून.

चपला काढून ती आत आली आणि त्या खुर्चीत बसली.

"कोण गेलं?" तिने विचारलं.