टाकीचं झाकण

आण्याच्या घाटात मोटारसायकल तिसऱ्यांदा बंद पडली, तशी नवऱ्याने गाडीला लाथ घातली. “मी एकटा मळ्यात जातो, तवा पडती का बंद? तुझा पायगुणच वाईट, आई म्हणती त्ये खोटं न्हाई.” ती मागे बसली की गाडी बंद पडते, एवढ्यावरूनच तो ज्योत्स्नाला कायमची माहेरी सोडायला निघाला होता. तिचं डोकं सणकलं. तिने टाकीचं झाकण खाडकन उघडलं. सुस्स करून हवा आत शिरली. पेट्रोल सांडू नये म्हणून त्यानेच झाकणाखाली प्लास्टिकचा कागद दाबून बसवला होता. “हवा आत गेली नाही तर पेट्रोल खाली उतरेल कसं? मळा जवळ, म्हणून तिथवर भागतं.” कागद काढल्यावर पहिल्याच किकला इंजिन सुरू झालं. “बस मागं,” तो खाली बघत म्हणाला. “आधी गाडी परत राजुरीला, तुमच्या घरी वळवा. चार माणसांत माझा पायगुण काढलात, त्यांनाच हा कागद दाखवा.”