राखीव पिशवी

परळच्या रक्तपेढीत दुर्मिळ 'बॉम्बे' गटाची एकच पिशवी उरली होती. बुद्धभूषणच्या बाळंतीण बायकोसाठी खिडकीवरच्या रश्मीने ती त्याच्यासमोरच संगणकात राखीव म्हणून नोंदवली. "निश्चिंत राहा दादा, नमुना तपासला की घेऊन जा." तेवढ्यात संगणक बघणारे साहेब आले. "साठ्याचा सगळा तक्ता अपडेट करतोय." "सर, तिन्ही खिडक्यांवर काम चालू आहे. जेवणाच्या सुट्टीत करा ना!" "दोन मिनिटं लागतील गं." त्यांनी सकाळी काढलेली यादी चालू तक्त्यावर चढवली आणि रश्मीची नोंद पुसली गेली. शेजारच्या खिडकीवर पिशवी 'उपलब्ध' दिसली. तिथून दुसऱ्या रुग्णाला गेली. बुद्धभूषण परत आला तेव्हा रश्मीकडे द्यायला काही नव्हतं. बायको वाचली नाही. चौकशीत साहेब म्हणाले, "रश्मीने नोंद केलीच नव्हती." "माझ्यासमोर केली होती," बुद्धभूषण म्हणाला. साहेबांनी स्क्रीन त्याच्याकडे वळवला. "दाखवा, कुठे आहे?"