देवाला फडका

ब्याण्णव सालची दिवाळीची सुट्टी संपली आणि बोईसरच्या त्या रंगाच्या कारखान्यातला एकुलता एक कम्प्युटर जो बसला तो बसलाच. बटण दाबा, वायर हलवा, ढिम्म. हेडक्लार्क वामनरावांनी दोषी शोधायला वेळ लावला नाही. ऑफिस झाडायला येणाऱ्या नवसीने ओल्या फडक्याने पुसला, पाणी आत गेलं, दुसरं काय? ती 'नाय, नाय' म्हणत राहिली. त्यांनी तिला त्याच दिवशी कामावरून काढलं. आधी शिक्षा, चौकशी मागाहून.

आज मुंबईहून मेकॅनिक आला, कृष्णकांत.

"पाणी गेलंय आत," वामनराव ठासून म्हणाले.

कृष्णकांतने डब्यावरून बोट फिरवलं आणि त्यांना दाखवलं. काळंकुट्ट. "याला महिनाभर तरी फडका लागलेला नाही."

मग त्याने स्क्रू काढून झाकण उचललं. आत पाण्याचा मागमूस नव्हता. मागच्या पंख्याच्या पात्यांत अडकलेलं काहीतरी त्याने चिमट्याने ओढलं आणि वामनरावांच्या तळहातावर ठेवलं. तांदळाचे दोन दाणे. कुंकू लावलेले.

"यांनी पंखा अडकला. तापून तापून पॉवर सप्लाय जळाला. पंख्याचा आवाज बंद झाला ते कोणाच्या लक्षात नाही आलं?"

आलं होतं की. खंडेनवमीला वामनरावांनी स्वतः कम्प्युटरची यथासांग पूजा केली होती. हार घातला, पुढूनमागून मूठमूठ अक्षता उधळल्या. दुसऱ्या दिवसापासून त्याची घरघर थांबली, तर पूजा पावली म्हणून सगळ्या कारखान्याला सांगत फिरले. आता त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"भिका," त्यांनी शिपायाला हाक मारली, "सालवडला जा. नवसीला म्हणावं, उद्यापासून ये. नाहीतर थांब, मीच येतो."

"कुठं येता सायेब? घरवाल्यासंगं वीटभट्टीवर गेली ती, परवाच्या ट्रकात. ही नोकरी होती म्हणून पोरीच्या शाळेसाठी यंदा मागं राहणार होती. आता पोरीलाबी नेली."

"पुसलाच नाही म्हणून सांगायचं ना तिनं मला," वामनराव हळूच म्हणाले.

"सांगत तर होती. तुमी ऐकलंत कुठं?" भिका म्हणाला. "म्हणत होती, सायेबांनी ज्याला फूल वाहिलं, त्याला मी फडका कसा लावू?"