गार डबा

जेवणाच्या सुट्टीत फिटरकाका उघडा डबा घेऊन इंजिनिअरबाईंपुढे उभे राहिले. "मॅडम, भाजी गार आहे."

ती ओशाळली. आरशांनी एकवटलेल्या उन्हानं छतावरची सोलर पॅनेल भयंकर तापायची. त्यांना गार ठेवणारं पाणी स्वतः तापून पाइपातून बाहेर जायचं, आणि त्या पाइपावर सगळ्यांचे डबे गरम व्हायचे. वाया जाणाऱ्या त्याच उष्णतेवर वीज करणारं तिचं यंत्र आज तिसऱ्यांदा जोडलं होतं. आधी दोनदा ते बंद पडलं, तेव्हा खोलून पुन्हा बसवायला काकाच तिच्याबरोबर उन्हात बसले होते. आज मीटरचा काटा हलत होता, पण तिचा विश्वास बसत नव्हता.

"माफ करा काका. माझ्यामुळे तुमच्या जेवणाचे हाल."

"माफी कसली मागता? पाइपाला हात लावून बघा. सगळी ऊब तुमच्या यंत्रानं खाल्ली. चाललं म्हणायचं ते." त्यांनी तोच डबा तिच्यापुढे सरकवला. "घ्या, सकाळपासून उपाशी आहात."

आठवड्याभरात जादा विजेची पहिली वायर ओढून झाली. त्या वायरीचा माग काढत काका गेले, तर ती जेवणाच्या टेबलापाशी, एका छोट्या इलेक्ट्रिक शेगडीला जोडलेली होती.

काका हसत सुटले. "उष्णतेची वीज केलीत आणि विजेची पुन्हा उष्णता? हा कसला द्राविडी प्राणायाम, मॅडम?"

"असू दे काका," ती म्हणाली. "ती ऊब आधी तुमची होती."