पाचवा कारखाना

तरुण उद्योजकांसाठीचं सरकारी अनुदान काकांनी पुतण्याच्या नावावर उचललं आणि घरावर मजला चढवला. पुतण्या परगावी नोकरीला होता, पण कागदी कपांच्या कारखान्याची पाटी काकांनी गॅरेजवर झोकात लावली होती. आज अकराला तपासणी होती, आणि भाड्यानं सांगितलेलं कपांचं यंत्र पावणेअकरा झाले तरी आलं नव्हतं. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. पैसे परत मागितले तर मजला उतरवून थोडाच देता येणार होता!

अकराच्या ठोक्याला टेम्पो फाटकाशी थांबला. यंत्राची मालकीण, विशीतली पोरगी, स्टिअरिंग सोडून खाली उतरली. दुसऱ्या बाजूनं फाईल सावरत तपासणीचे साहेब उतरले.

काका फाटकाशी धावले. "साहेब, तुम्ही... याच टेम्पोतून?"

"मग? यंत्राच्या आधी पोचून तपासू काय, तुमचं गॅरेज?" साहेबांनी घाम पुसला. "सकाळपासून हा पाचवा कारखाना. चल गं, जोड पटकन. जेवणाआधी अजून दोन उरकायचेत."

पोरीनं यंत्र जोडून दहा कप पाडून दाखवले. साहेबांनी सही ठोकली. काकांच्या जिवात जीव आला. भाडं देताना ते कौतुकानं म्हणाले, "पोरी, धंदा जोरात आहे की तुझा! तुला किती अनुदान मिळालं?"

"मला कुठलं, काका? माझा अर्ज साहेबांनीच नाकारला. म्हणाले, यंत्रं भाड्यानं द्यायच्या धंद्याला या गावात गिऱ्हाईक मिळणार नाही."