अकरा दिवस

"ग्यारह महीने होंगे, नीलम जी. आपने दिन लिख दिया," डॉक्टरसाहेब हसत म्हणाले. "हमारी झाँसी में पहले झाड़-फूँक होती है, फिर शादी, फिर हम. पक्का न हो तो यह नाम काट दीजिए."

नीलमनं कागद छातीशी धरला. स्किझोफ्रेनियाची पहिली चाहूल लागल्यापासून औषध सुरू होईपर्यंत किती काळ वाया जातो, हे ती दोन वर्षं मोजत होती. साठ घरं झाली. सगळ्यांत लहान आकडा आठ महिने. लवकर आणलं तर माणूस लवकर सावरतो, असं ती घराघरांत सांगत फिरे, पण दाखवायला एकही माणूस नव्हता. आणि आता ही शाल्मली: अकरा दिवस. एकोणीस वर्षांची, वडील जवळच्या बबिन्याच्या छावणीत, फौजेत. औषध सुरू होऊन आज सहा आठवडे. सकाळपासून नीलमचे तीन चहा झाले होते.

आधी तिनं शाल्मलीच्या आईला आत बोलावलं.

"काकू, पहिला दिवस एकदम पक्का सांगता येईल?"

"संकष्टी होती," अनुसूयाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "चंद्राची वाट बघत आम्ही दोघी गच्चीवर होतो. ही बोलता बोलता थांबली. मान जराशी कलती केली आणि हळूच 'हो' म्हणाली. मी तर काहीच विचारलं नव्हतं."

"बस, एवढंच?"

"एवढंच. हे म्हणाले, कानात मळ असेल, तेल घाल. मी दहा दिवस त्यांच्या मागे लागले. मग मीच उठले आणि हिला घेऊन बसनं इथे आले."

नीलमनं मोबाइलवर संकष्टीची तारीख काढली. नोंदवहीतल्या औषध सुरू झाल्याच्या तारखेशी ताडून बघितली. अकराच.

"वर्ष-वर्ष कुणाला कळत नाही हो. तुम्ही कसं ओळखलंत?"

अनुसूयाबाईंनी पदर सावरला. "आई आहे ना," म्हणाल्या आणि शाल्मलीला हाक मारली.

"आवाज येतो अजून?" नीलमनं विचारलं.

"नाही, दीदी. चौदा दिवस झाले. आधी बारीक झाला, मग लांब गेला. मग एक दिवस सकाळी कुकरची शिट्टी झाली, आणि उसके बाद कुछ नहीं. इतकी शांतता की मीच घाबरले." ती हसली. "आता कॉलेजात सरांचं लेक्चर पूर्ण ऐकावं लागतं. वोही एक नुकसान."

नीलमही हसली. कागदावर तिनं 'नाही' लिहिलं आणि शाई वाळायच्या आत उठली. कधी एकदा जिना चढते आणि डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर हा कागद ठेवते, असं तिला झालं होतं.

"शाल्मली, बाटली भरून आण गं," अनुसूयाबाई म्हणाल्या. मुलगी बाहेर गेली तशी त्यांनी दार लोटलं आणि नीलमचं मनगट धरलं. त्यांची बोटं गार होती, डोळे मात्र चमकत होते.

"ताई, आवाज खरंच थांबतो? पार थांबतो?"

"हो, काकू. तुम्ही लवकर आणलंत म्हणून."

अनुसूयाबाईंनी दाराकडे बघितलं. मग मनगट न सोडता म्हणाल्या, "माझ्या कानातला सव्वीस वर्षांचा आहे. तोही थांबेल का?"